‘विझर्ड ऑफ ऑझ’ आम्हाला आवडला नाही, आमचं काही चुकलं का?

आधी तुमचा प्रश्न दोन ओळींत मांडते, म्हणजे बाकीच्यांना संदर्भ लागेल. मुलगी आठ वर्षांची. ‘द विझर्ड ऑफ ऑझ’ हा लहान मुलांचा सर्वांत थोर सिनेमा असं जिथेतिथे वाचलं म्हणून तुम्ही तो रविवारी लावला. मुलगी मधेच उठून गेली, तुम्हालाही तो जड, भडक आणि नाटकी वाटला. मग शोधाशोध केलीत तर कळलं की १९३९ मध्येच बड्या मासिकांनी त्याला झोडपलं होतं. म्हणजे तेव्हाचे टीकाकार बरोबर होते आणि नंतरचं सगळं जुन्या आठवणींचं कौतुक, असं आहे का?

मी पंचवीसेक वर्षं मुलांची नाट्यशिबिरं घेतेय आणि त्यात दर उन्हाळ्यात एक दुपार सिनेमाची असते. हा सिनेमा मी त्या दुपारी बारा-पंधरा वेळा तरी दाखवला असेल, दोनदा तर सपशेल पडला, एकदा वीज गेली म्हणून नशिबाने सुटले. त्यामुळे तुमची मुलगी उठून गेली यात मला काहीच धक्का नाही. माझं मत आधीच सांगून टाकते: त्या टीकाकारांनी जे पाहिलं ते बहुतेक बरोबर पाहिलं, पण त्याला दोष म्हणण्यात ते चुकले, आणि जो खरा दोष आहे तो त्यांच्या नजरेतून निसटला.

ज्यांनी पाहिलाच नाही त्यांच्यासाठी गोष्ट एका दमात: कॅन्ससमधली डोरोथी (ज्यूडी गार्लंड) वावटळीत घरासकट उडून ऑझ नावाच्या अद्भुत देशात पडते, आणि घरी परत जायचा मार्ग विचारायला बुजगावणं, पत्र्याचा माणूस आणि भित्रा सिंह यांना घेऊन तिथल्या जादूगाराकडे निघते, मागे वाईट चेटकीण. आता टीकाकार काय म्हणाले ते बघू. ‘न्यूयॉर्कर’मध्ये रसेल मॅलनीने लिहिलं की यात कल्पनाशक्ती, सुरुची, कौशल्य यांचा मागमूस नाही. रंग डोळ्यांना त्रास देणारे, काही धरबंद न ठेवता ओतलेले, आणि सिंहाचं काम करणारा बर्ट लार विनोदी आहे पण इथे त्याचं काय काम, तो जर ऑझमध्ये चालतो तर मग मे वेस्टलाही घ्या की! (मे वेस्ट म्हणजे तेव्हाची चावट संवादांसाठी गाजलेली नटी.) ‘न्यू रिपब्लिक’च्या ओटिस फर्ग्युसनने तर सांगितलं की यात बुटके आहेत, संगीत आहे, टेक्निकलर (म्हणजे तेव्हाची रंगीत फिल्म) आहे, विचित्र पात्रं आहेत, ज्यूडी गार्लंड आहे, आता वर विनोदबुद्धीचीही अपेक्षा कशाला करता, आणि अद्भुताचा हलकेपणा म्हणाल तर तो भिजून चिंब झालेल्या फ्रूटकेकइतका वजनदार आहे. हे वाक्य वाचून मी प्रत्येक वेळी हसते. टीका करावी तर अशी.

पण सगळ्यांनी झोडपलं हेही खरं नाही बरं का. ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या फ्रँक न्यूजंटने मनापासून कौतुक केलं होतं, डिस्नेच्या ‘स्नो व्हाइट’ या कार्टूनपटानंतर इतकं अद्भुत काही इतकं जमलेलं नाही अशा अर्थाचं. आणि गंमत बघा, मॅलनीनेही सुरुवात डिस्नेपासूनच केलीय, की परीकथा सांगावी ती वॉल्ट डिस्नेनेच, बाकीच्यांचं ते काम नाही. म्हणजे दोघांच्या हातात गज एकच, एकाने मापून म्हटलं बसतंय, दुसऱ्याने म्हटलं उसवतंय. आणि तो गज त्यांनी हवेतून आणलेला नव्हता. ‘स्नो व्हाइट’ १९३७ च्या डिसेंबरमध्ये आला, तुफान चालला, आणि त्यानंतरच एमजीएम स्टुडिओने हा घाट घातला, त्यामुळे तुलना त्यांनी स्वतःच ओढवून घेतली होती.

माझी पहिली हरकत या गजालाच आहे. चित्रातल्या माणसाला वजन नसतं, तो हवेतून आला काय, गेला काय. इथे मात्र हाडामांसाची माणसं आहेत, अंगावर पेंढा, पत्रा आणि सिंहाचं कातडं घातलेली, आणि तिघंही, म्हणजे रे बोल्जर, जॅक हेली आणि बर्ट लार, अमेरिकेच्या व्हॉडव्हिल रंगमंचावर मुरलेले. व्हॉडव्हिल म्हणजे नाच, नकला, गाणी, पाचपाच मिनिटांचे तुकडे, समोरच्या पब्लिककडून टाळी वसूल करायची. ते पडद्यावरही तेच करतात, पोझ घेतात, थांबतात, हशाला जागा ठेवतात, आणि तुम्ही घरी सोफ्यावर दोघीच बसलेल्या असलात तर ती रिकामी जागा खायला उठते. तुम्हाला ‘नाटकी’ वाटलं ना, ते यामुळे. पन्नास मुलं सतरंजीवर एकत्र बसली की हाच सिंह धमाल करतो, स्वतःच्या शेपटीला घाबरणारा एवढा मोठा माणूस बघून लहान मुलं अक्षरशः लोळतात. आपल्याकडे ‘अलबत्या गलबत्या’मधली चेटकीण आधी दिलीप प्रभावळकर आणि अलीकडे वैभव मांगले करायचे तेव्हा पुरुषाने केलेली चेटकीण म्हणून कुणी तक्रार केली का? उलट थेटरभर पोरं तिला ओरडून उत्तरं देत होती. मॅलनीला जे उपरं वाटलं ते मला या सिनेमाचं इंजिन वाटतं.

भीतीचा मुद्दा वेगळा, तो मी हलक्यात घेत नाही. ब्रिटनमध्ये सेन्सॉरने याला ‘ए’ सर्टिफिकेट दिलं, म्हणजे तेव्हाच्या नियमाने मुलांनी मोठ्यांबरोबरच बघायचा, आणि त्यावरून ग्रॅहम ग्रीनने, हो, तोच कादंबरीकार, तो तेव्हा सिनेमावर लिहायचा, सेन्सॉरची टर उडवली होती. त्याला स्वतःला सिनेमा काही फार भावला नव्हता, पण युद्ध सुरू झालेलं, आणि पैसा युद्ध सोडून दुसऱ्या कशावर तरी उधळलेला बघण्यातही सुख आहे असं तो म्हणाला. मला मात्र सेन्सॉरचं थोडं पटतं. चेटकिणीचं काम करणारी मार्गारेट हॅमिल्टन इतकी भारी आहे की तिची काही दृश्यं मुलं फारच घाबरतील म्हणून कापावी लागली. ही बाई आधी चक्क बालवाडीची शिक्षिका होती! पुढे १९७५ मध्ये तिने मिस्टर रॉजर्सच्या मुलांच्या टीव्ही कार्यक्रमात येऊन, आपण नुसतं सोंग करत होतो हे समजावलं, चेटकिणीचा पोशाख सगळ्यांसमोर अंगावर चढवून दाखवला. मी हीच युक्ती शिबिरात वापरते, आधी चेहरा हिरवा रंगवून दाखवायचा, मग सिनेमा.

बाकी सिनेमा आला तेव्हा काय झालं ते पटकन सांगते. खर्च जवळपास २८ लाख डॉलर, पहिल्या फेरीतली कमाई ३० लाखांच्या आसपास, आणि प्रिंटा, जाहिराती, वितरण धरलं तर एमजीएमला ११ लाखांच्या घरात खोट. प्रेक्षकांत मुलं जास्त आणि मुलांचं तिकीट स्वस्त, हे एक कारण. ऑस्करला सहा नामांकनं, पण ते वर्ष ‘गॉन विथ द विंड’चं, याच्या वाट्याला गाणं आणि पार्श्वसंगीत अशी दोन आणि ज्यूडी गार्लंडला बालकलाकाराचं खास ऑस्कर. तो नफ्यात आला १९४९ च्या पुनर्प्रदर्शनानंतर. आणि खरी क्रांती टीव्हीने केली: ३ नोव्हेंबर १९५६ ला सीबीएस या वाहिनीने तो दाखवला, साडेचार कोटींच्या आसपास लोकांनी पाहिला, आणि १९५९ पासून दरवर्षी दाखवायची प्रथाच पडली. वर्षातून एकदाच, ठरल्या दिवशी, सगळं घर एकत्र. आपल्याकडे दिवाळीतला फराळ जसा त्या चार दिवसांत वेगळाच लागतो तसं काहीतरी. त्यामुळे ‘सर्वांत थोर’ या बिरुदात त्या संध्याकाळींचाही वाटा आहे, हा तुमचा संशय अगदीच खोटा नाही. १९८९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय फिल्म रजिस्ट्रीच्या, म्हणजे जपून ठेवायच्या सिनेमांच्या यादीच्या, पहिल्याच पंचवीसांत तो गेला, आणि मग त्याला नावं ठेवणं म्हणजे कुणाच्या तरी आजीला नावं ठेवण्यासारखं झालं.

रंगांचं मात्र मला मॅलनीशी भांडायचंच आहे. त्यात एक विनोद असा की १९५६ मध्ये बहुतेक घरांत टीव्ही कृष्णधवल, म्हणजे त्या कोट्यवधी लोकांना भडक रंग दिसलेच नाहीत आणि तरी त्यांना सिनेमा आवडला! पण तो दाराचा शॉट आठवा. कॅन्सस सगळं मातकट तपकिरी, वावटळीत उडालेलं घर धाडकन खाली येतं, डोरोथी दार उघडते आणि बाहेर रंग. लोकांना वाटतं दोन फिल्मचा जोड आहे. तर नाही, तो शॉट रंगीत फिल्मवरच घेतलाय. घराची आतली बाजू तपकिरी रंगाने रंगवली, डोरोथीसारखी दिसणारी डमी मुलगी तपकिरी झग्यात, ती दार उघडून बाजूला होते, कॅमेरा पुढे सरकतो आणि निळ्या झग्यातली खरी ज्यूडी फ्रेममध्ये येते. विंगेतून पात्र बदलायची जुनी नाटकी युक्ती! वावटळही तशीच, पस्तीस फूट लांबीचं मलमलीचं कापड शंकूसारखं करून फिरवलेलं. मुलांना हे सांगितलं की ती परत बघायला मागतात. आजच्या कॉम्प्युटरवरच्या कुठल्याही वादळाबद्दल त्यांनी मला कधी ‘कसं केलं’ विचारलेलं नाही.

आता गाणी. हॅरॉल्ड आर्लेनचं संगीत, यिप हार्बर्गचे शब्द. ‘ओव्हर द रेनबो’च्या पहिल्याच शब्दात चाल सा वरून थेट वरच्या सा वर उडी मारते, अख्खं सप्तक एका दमात, आणि मग हळूहळू खाली उतरते. पहिल्या शब्दालाच मुलगी कुठेतरी दूर जाऊन पोचली, आता परत घरी उतरायचंय, सगळी गोष्ट त्या एका उडीत आली. आणि मधला भाग, तो दोनच स्वरांत झुलत राहतो, अगदी लहान मूल पेटीवर बोट फिरवत बसल्यासारखा. आणि हे गाणं चाचणी खेळानंतर काढून टाकायचं चाललं होतं, कारण काय तर गती मंदावते आणि आमची नटी कोंबड्यांच्या अंगणात काय गातेय! मला नेहमी वाटतं की सिनेमावरची सर्वांत वाईट समीक्षा ही मासिकात नाही, स्टुडिओच्या खोलीतच झाली होती.

पण गाण्यांच्या बाबतीतच एक खरा दोष आहे आणि तुमची मुलगी नेमकी कुठे उठली हे मला माहीत नसलं तरी माझा अंदाज, शेवटच्या अर्ध्या तासात. कारण सिंहाचं ‘राजा असतो तर’ वालं गाणं संपलं की त्यानंतर सिनेमात गाणंच नाही! पहारेकऱ्यांचा तो हुं-हुं करत चाललेला घोष सोडला तर काही नाही. जंगलातलं एक मोठं नाचगाणं भरपूर खर्च करून चित्रित केलं होतं ते चाचणी खेळांनंतर कापलं, चेटकीण मेल्यानंतरच्या जल्लोषाचं गाणंही गेलं. पहिला तास गाण्यांनी धरून ठेवलेलं मूल एकदम धावाधावीच्या सिनेमात येऊन पडतं. बालनाट्यात ही चूक मी स्वतः केलीय, दुसऱ्या अंकात गाणी कमी पडली की पाणी प्यायला जाणाऱ्या मुलांची रांग लागते, मोजून बघा.

गोष्टीतली भोकं यापेक्षा मोठी. मिस गल्च आठवते ना, सायकलवरून येऊन डोरोथीच्या टोटो कुत्र्याला न्यायचा हुकूम दाखवते ती? शेवटी डोरोथी जागी होते, सगळे पलंगाभोवती जमतात, ती घरासारखी जागा नाही म्हणते, आणि त्या हुकुमाचं काय झालं यावर एक अक्षर नाही. टोटोला उद्या सकाळी परत न्यायला येणार ती! मोठ्यांच्या हे लक्षातही येत नाही. माझ्याकडच्या नऊ वर्षांच्या एका मुलाने पहिल्यांदा विचारलं तेव्हा मी चाट पडले, मी तोपर्यंत चारदा सिनेमा पाहिला होता.

दुसरं भोक ग्लिंडाचं. चांगली परी, गुलाबी बुडबुड्यातून येते, डोरोथीच्या पायात जादूचे बूट घालते आणि मुलीला इतका जीवघेणा प्रवास करायला लावून शेवटी सांगते की अगं, घरी जायची शक्ती तुझ्या बुटांत पहिल्यापासूनच होती. बुजगावणंही विचारतं की मग आधी का नाही सांगितलंस, तर म्हणे तिला पटलं नसतं. हे भोक एल. फ्रँक बॉमच्या १९०० सालच्या मूळ पुस्तकात नाही. तिथे दोन वेगळ्या चांगल्या चेटकिणी आहेत, सुरुवातीला भेटणारी उत्तरेची, तिला बुटांची शक्ती नीट माहीतच नाही, आणि दक्षिणेची ग्लिंडा थेट शेवटी भेटते. सिनेमावाल्यांनी एक पात्र वाचवलं आणि एक चांगली बाई फुकट लबाड ठरवली. पुस्तकात बूटही चांदीचे, टेक्निकलरमध्ये उठून दिसावेत म्हणून माणकाचे झाले. शिवाय हीच ग्लिंडा सांगते की फक्त वाईट चेटकिणीच कुरूप असतात. शिबिरात हे वाक्य आलं की मी सिनेमा थांबवते. प्रत्येक वेळी कुणीतरी एक मुलगी गप्प झालेली असते.

आणि शेवट. घरासारखं दुसरं काही नाही! सलमान रश्दीने १९९२ मध्ये या सिनेमावर छोटं पुस्तक लिहिलं, ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटसाठी, माझ्या मते यावरचं सर्वांत धारदार लिखाण तेच. तो मुंबईत वाढला, दहाव्या वर्षी त्याने पहिली गोष्ट लिहिली तिचं नाव याच गाण्यावरून, मुंबईच्या फुटपाथवर इंद्रधनुष्याचं टोक सापडलेल्या मुलाची. तो म्हणतो की हा सिनेमा मोठ्या माणसांच्या दुबळेपणाबद्दल आहे, मोठे काही करू शकत नाहीत म्हणून मुलं आपली सूत्रं हातात घेतात, आणि ज्याच्या रोमारोमात घर सोडून जायची ओढ आहे त्या सिनेमाने शेवटी घरचे गोडवे गावेत हे त्याला अजिबात पटत नाही. (टोटो कुत्रा त्याला मुळीच आवडत नाही, तिथे माझं आणि त्याचं जमत नाही.) मलाही हेच खटकतं. पुस्तकात ऑझ खरं आहे, १९१० च्या सहाव्या पुस्तकात तर डोरोथी काका-काकूंनाच कायमचं ऑझला राहायला नेते. सिनेमाने त्याचं स्वप्न करून टाकलं. डोरोथीचं ते शेवटचं वाक्य, की मनातली गोष्ट परत शोधायला निघाले तर अंगणापलीकडे बघणार नाही, कारण ती तिथे नसेल तर मी ती मुळात हरवलीच नव्हती, मी एकदा शिबिरासाठी मराठीत करायला बसले. दोन संध्याकाळी गेल्या. मराठीत आणलं की त्यात अर्थच उरत नाही, इंग्रजीत ते नुसतं सुरात म्हटल्यामुळे खपून जातं. १९३९ च्या ज्या समीक्षा मी वाचल्यात त्यांत रंग, सिंह, जडपणा सगळं आहे, या वाक्याला मात्र कुणी हात लावलेला नाही.

याच्या अगदी उलट, जादूगाराने दिलेल्या बक्षिसांचा प्रवेश. पुस्तकात बुजगावण्याला मेंदू म्हणून डोक्यात कोंडा भरून मिळतो, सिनेमात पदवीचा कागद. कागद हातात पडताक्षणी ते ऐटीत त्रिकोणाचा सिद्धांत म्हणून दाखवतं आणि तो साफ चुकीचा आहे! पायथागोरसचं नाव न घेता वर्गमुळं आणि समद्विभुज त्रिकोण असं काहीतरी ठोकून देतं, आणि कुणी टोकतही नाही. मुद्दाम आहे की चुकून, माझ्या दृष्टीने फरक पडत नाही. आठवी-नववीतल्या मुलांना हा तुकडा दाखवा, चूक सापडली की जी टाळी पडते ती बघण्यासारखी असते, आणि क्लासला जाणाऱ्या पोरांना तर त्यातला टोमणा समजावून सांगायची गरजच पडत नाही.

एक गोष्ट मुलीला आत्ता सांगू नका, पण तुम्ही लक्षात ठेवा. या सिनेमाच्या मागे बरीच यातना आहे. पत्र्याच्या माणसाचं काम आधी करणाऱ्या बडी एब्सनला मेकअपमधल्या अ‍ॅल्युमिनियमच्या पुडीमुळे हॉस्पिटलात जावं लागलं, हॅमिल्टन शूटिंगमध्ये भाजली आणि आठवडेच्या आठवडे घरी होती, सोळा वर्षांच्या ज्यूडीला लहान दिसावी म्हणून छाती बांधून उभं केलं जायचं आणि तिच्या खाण्यावर स्टुडिओचा पहारा होता. हे वाचल्यावर ‘निरागस’ हा शब्द मी या सिनेमाला वापरत नाही. दाखवायचं मात्र थांबवलेलं नाही.

तर पुढच्या वेळी असं करा. एकटीला दाखवू नका, शेजारची चार मुलं बोलवा, फरशीवर बसवा. ‘हा फार ग्रेट सिनेमा आहे’ हे वाक्य तोंडातून काढू नका. दीडपावणेदोन तासांचा आहे, सिंहाच्या गाण्यानंतर सरळ मध्यंतर करा, भेळ वगैरे द्या, त्या अर्ध्या तासाला तयार होऊन बसू द्या. उडणाऱ्या माकडांच्या वेळी सगळ्यांत लहान जो असेल त्याच्या शेजारी बसा. आणि संपल्यावर घरासारखी जागा नाही वगैरे काही बोलू नका, फक्त विचारा की त्या गल्च बाईचं पुढे काय झालं असेल. माझ्या त्या नऊ वर्षांच्या मुलाला मी तेच उलट विचारलं होतं. तो म्हणाला, वावटळ खरीच आली होती ना? आणि ती सायकलवर बाहेरच होती ना? मग.